आकडा विहिरीवरच ठरतो: गावच्या पाण्यातलं फ्लोराइड आणि नायट्रेट मोजताना

अहवालावर "फ्लोराइड १.३" लिहिलेलं असतं आणि सगळ्यांची नजर त्या १.३ वर खिळते. बाटली कुणी भरली, किती वाजता भरली, हापसी किती वेळ हापसली, बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत कुठे होती, हे कागदावर कुठेच नसतं. खरं तर मोजमापाचा निम्मा भाग तिथेच उरकलेला असतो. नवतप्याच्या उन्हात मोटरसायकलच्या डिकीत तीन तास तापलेला नायट्रेटचा नमुना लाखाच्या यंत्रात घातला, तर यंत्र आकडा देईल आणि अगदी अचूक देईल. पण तो आकडा तापलेल्या बाटलीचा, विहिरीचा नव्हे.

हे लिहिलंय ते गावात नमुने गोळा करणाऱ्यांसाठी: जलसुरक्षक, पाणी समितीतल्या बाया, तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळणारे शिक्षक, आणि हातात किट मिळालं पण ते बिघडतं कुठे हे कुणी सांगितलं नाही अशी मंडळी.

विदर्भात काय शोधायचं ते आधी जमिनीला विचारावं. अकोला, अमरावती, बुलढाण्यात पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाण पट्ट्यात खारटपणा हा मोठा प्रश्न. तिथे टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) आणि क्लोराइड आधी बघायचे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत फ्लोराइड. नायट्रेट मात्र कुठल्याही गावात सापडतं, कारण ते खडकातून येत नाही. ते येतं उकिरड्यातून, गोठ्यातून, शोषखड्ड्यातून आणि पऱ्हाटीला टाकलेल्या युरियातून. म्हणून उथळ विहिरीत नायट्रेट जास्त आणि खोल बोअरमध्ये फ्लोराइड जास्त, असं चित्र बहुतेक ठिकाणी दिसतं. विहीर सोडून बोअर घेतली म्हणजे गाव सुटलं असं नाही. कधी कधी एक दुखणं जाऊन दुसरं येतं.

फ्लोराइडचं एक वैशिष्ट्य गावातल्या माणसाला चकवतं. खडकातलं फ्लोराइट हे खनिज कॅल्शियम आणि फ्लोराइडचं बनलेलं. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर ते फारसं विरघळत नाही. पण पाणी खडकात वर्षानुवर्षं मुरलं, त्यात सोडियम आणि बायकार्बोनेट वाढलं, की कॅल्शियम चुनखडीच्या रूपात खाली बसतं. पाण्यातलं कॅल्शियम कमी झालं की फ्लोराइट आणखी विरघळतं. म्हणजे फ्लोराइड जास्त असलेलं पाणी अनेकदा मऊ असतं. त्यात साबणाला फेस येतो आणि तुरीची डाळ लवकर शिजते. डाळ शिजते म्हणून गावात ज्या बोअरचं नाव निघतं, तिचा नमुना सगळ्यात आधी घ्यावा. डाळीवरून फ्लोराइड ठरत नाही, पण डाळ शिजते म्हणून पाणी पिण्याजोगं हा समज घातक आहे.

मर्यादा पाठच करून ठेवाव्यात. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकाच्या २०१२ च्या आवृत्तीत फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लिटरला १.० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि त्यात "दुसरा स्रोत नसेल तर" अशी सवलतच नाही.

बाटली

फ्लोराइडसाठी प्लॅस्टिकची बाटली, पॉलिथिनची असेल तर उत्तम. काच नको, कारण फ्लोराइड काचेशी थोडी का होईना प्रतिक्रिया करतं. धातूंसाठीही प्लॅस्टिकच, पण ती १० टक्के नायट्रिक ॲसिडने धुतलेली. इथेच एक चूक वारंवार होते. प्रयोगशाळेतला मदतनीस सगळ्या बाटल्या एकाच टबात नायट्रिक ॲसिडने धुतो आणि त्यातल्याच दोन नायट्रेटसाठी जातात. नायट्रिक ॲसिडचा एक थेंब बाटलीच्या तळाशी राहिला तरी नायट्रेटचा नमुना गेला. तसंच कपडे धुण्याच्या पावडरीत फॉस्फेट असू शकतं, आणि फॉस्फेट स्पॅडन्स या फ्लोराइड मोजायच्या रंगाच्या पद्धतीत फ्लोराइडसारखाच परिणाम दाखवतं. बाटल्या फॉस्फेट नसलेल्या साबणाने धुवा, साध्या पाण्याने पाच-सहा वेळा खळखळा, मग डिस्टिल्ड पाण्याने तीनदा. विहिरीवर पोचल्यावर त्याच विहिरीच्या पाण्याने आणखी दोन-तीन वेळा.

जंतूंच्या चाचणीची बाटली याला अपवाद. ती निर्जंतुक केलेली असते आणि तिच्यात क्लोरीन मारण्यासाठी सोडियम थायोसल्फेट टाकलेलं असतं. ती विहिरीच्या पाण्याने खळखळली तर औषधच वाहून जातं. ती सरळ भरायची, काठोकाठ नाही, थोडी जागा ठेवून.

लेबल बाटलीच्या अंगावर लावा, झाकणावर नको. चार बाटल्यांची झाकणं एकदम उघडली की अदलाबदल होतेच. पक्क्या शाईच्या मार्करने लिहा आणि वरून चिकटपट्टी लावा, नाहीतर बर्फाच्या पाण्यात अक्षर पसरतं. "पाटलाची विहीर" एवढ्यावर भागत नाही, गावात तशा दोन असतात. स्रोताचा क्रमांक, तारीख, वेळ, शेवटचा पाऊस कधी झाला आणि विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर शेवटची कधी टाकली, एवढं नोंदवा. टीसीएलची तारीख का महत्त्वाची, ते पुढे येतंच.

हापसीवर

पहिलं पाणी घेऊ नये हे सगळ्यांना माहीत असतं. किती सोडायचं याचा हिशेब मात्र कुणी करत नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं की बोअरमध्ये साचलेल्या पाण्याच्या तिप्पट पाणी उपसा. सहा इंची बोअरमध्ये एका मीटरला सुमारे १७.७ लिटर पाणी असतं. बोअर ६० मीटर खोल आणि पाणी २० मीटरवर असेल तर ४० मीटरचा साठा, म्हणजे सातशे लिटरच्या वर. त्याच्या तिप्पट दोन हजार लिटर. हापसी मिनिटाला १२ ते १५ लिटर देते. अडीच तास हापसणं कुणाच्याने होत नाही आणि तसं करण्याची गरजही नाही.

तेव्हा दोन गोष्टी करायच्या. निदान उभ्या पाइपातलं पाणी तरी बाहेर काढायचं. सव्वा इंची पाइपात मीटरला साधारण एक लिटर पाणी मावतं, म्हणजे ३० मीटर पाइपाला ३० लिटर, अडीच-तीन मिनिटांचं काम. त्यानंतर कंडक्टिव्हिटी मीटर (पाण्यातून वीज किती वाहते ते मोजणारा) बादलीत धरून दर पाच मिनिटांनी आकडा लिहायचा. तीन आकडे लागोपाठ जवळपास सारखे आले आणि तापमानही स्थिर राहिलं की समजायचं, आता थरातलं पाणी येतंय. त्याआधी बाटली भरू नका. सकाळी बायांची पाण्याची गर्दी ओसरली की लगेच जाणं सगळ्यात सोयीचं, कारण तोवर गावानेच बोअर उपसून ठेवलेली असते.

उघड्या विहिरीवर उलटी अडचण असते. वरच्या पाण्यावर शेवाळ, पालापाचोळा, धूळ. घरच्या बकेटने काढलेलं पाणी नको, त्या बकेटीत काल काय होतं ते कुणाला ठाऊक नसतं. बाटलीला वजन बांधून ती पृष्ठभागाखाली साधारण ३० सेंटीमीटर बुडवा आणि तिथे भरा. बाटली किंवा दोर विहिरीच्या भिंतीला घासू देऊ नका.

लोखंडाचं पाणी, म्हणजे हापसीतून स्वच्छ निघून तासाभरात तांबूस होणारं, वेगळ्या पद्धतीने घ्यावं लागतं. हवा लागली की विरघळलेलं लोह गंजासारखं खाली बसतं आणि बाटलीच्या तळाशी चिकटतं. प्रयोगशाळेत वरवरचं पाणी ओतून मोजलं तर लोह कमी दिसतं. म्हणून धातूंच्या नमुन्यात विहिरीवरच नायट्रिक ॲसिड टाकून पीएच २ च्या खाली आणतात. पाणी गढूळ असेल तर आधी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून मग ॲसिड. उलट केलं, तर काळ्या मातीच्या बारीक कणांतलं लोह आणि ॲल्युमिनियम ॲसिडमध्ये विरघळून पाण्याच्या नावावर चढतं. औष्णिक केंद्राच्या राखेच्या तळ्याजवळ किंवा कोळसा खाणीजवळच्या गावात नमुने घेताना हे फार जपावं लागतं. तिथे वाद आकड्यांवरच होतात, आणि चुकीने घेतलेला एक नमुना गावाची बाजू लंगडी करतो.

बर्फ, ॲसिड आणि वेळ

फ्लोराइड सोशिक आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीत, कुठलंही रसायन न टाकता, ते २८ दिवस टिकतं. नायट्रेटचं तसं नाही. पाण्यातले जंतू नायट्रेट खातात, आणि उष्णतेत जास्त वेगाने खातात. म्हणून भरल्या क्षणापासून ४ अंशांच्या आसपास थंड ठेवायचं आणि ४८ तासांत मोजायचं. त्याहून उशीर होणार असेल तर वेगळ्या बाटलीत सल्फ्युरिक ॲसिड टाकून पीएच २ च्या खाली आणतात, लिटरला साधारण २ मिलिलिटर तीव्र ॲसिड. खारपाण पट्ट्यातल्या अल्कलीदार पाण्याला थोडं जास्त लागू शकतं, म्हणून पीएच कागदाने तपासून बघा. हा नमुना २८ दिवस चालतो, पण मग नायट्रेट आणि नायट्राइट मिळून एकच आकडा येतो. हीच ॲसिडची बाटली फ्लोराइडसाठी देऊ नये. का ते इलेक्ट्रोडच्या भागात येईल. पीएच मात्र विहिरीवरच मोजायचा. बाटलीत कार्बन डायऑक्साइड निसटला की तो बदलतो.

थंडाव्यासाठी थर्माकोलचा डबा पुरतो. मोकळा बर्फ घालू नका. तो वितळतो, बाटल्या त्यात तरंगतात, झाकण सैल असेल तर आत बर्फाचं पाणी जातं आणि लेबलं सुटतात. दोन लिटरच्या बाटल्यांत पाणी भरून रात्री फ्रीजरमध्ये घट्ट गोठवा आणि त्या डब्यात नमुन्यांच्या मधोमध ठेवा. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात चार तासांचा प्रवास असेल तर बर्फाच्या बाटल्या आणि नमुने निम्मे-निम्मे लागतात. एसटीने डबा पाठवणार असाल तर बस रात्रीची बघा.

नायट्रेट: दोन आकड्यांचा घोळ

प्रयोगशाळेत सर्वांत सोपी पद्धत अतिनील किरणांची. ५० मिलिलिटर गाळलेल्या नमुन्यात १ मिलिलिटर एक नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड टाकायचं, म्हणजे कार्बोनेटची अडचण जाते. मग स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (पाणी किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) २२० नॅनोमीटरला शोषण बघायचं आणि २७५ लाही. २७५ ला नायट्रेट काहीच शोषत नाही. तिथे जे दिसतं ते सेंद्रिय घाणीचं. त्याची दुप्पट २२० च्या आकड्यातून वजा करायची. ही वजाबाकी मूळ आकड्याच्या १० टक्क्यांहून जास्त येत असेल तर ही पद्धत सोडून द्या. गोठ्याजवळच्या विहिरींत असं होतंच, आणि तिथे कॅडमियम रिडक्शनसारखी दुसरी पद्धत लागते.

क्युव्हेट, म्हणजे यंत्रात नमुना ठेवायची छोटी चौकोनी नळी, क्वार्ट्झचा हवा. काचेचा आणि साध्या प्लॅस्टिकचा क्युव्हेट २२० ला प्रकाश अडवतो. त्यात ब्लँक (नुसतं डिस्टिल्ड पाणी), प्रमाण द्रावण (आकडा आधीच माहीत असलेलं) आणि नमुना सगळेच सारखे काळे दिसतात, आणि यंत्र बिघडलं म्हणून मेकॅनिक बोलावला जातो.

प्रमाण द्रावणासाठी पोटॅशियम नायट्रेट १०५ अंशांवर २४ तास वाळवून ०.७२१८ ग्रॅम तोलायचं आणि एक लिटर करायचं. हे झालं लिटरला १०० मिलिग्रॅम, पण नायट्रोजनचं. नायट्रेट म्हणून बघितलं तर हेच द्रावण ४४३ मिलिग्रॅमचं. सगळा घोळ इथून सुरू होतो. काही किट आणि पट्ट्या आकडा नायट्रोजन म्हणून देतात, काही नायट्रेट म्हणून. मानकातले ४५ हे नायट्रेटचे आहेत, नायट्रोजनमध्ये ते सुमारे १०. किटवर २० दिसलं, ते नायट्रोजनचं होतं, आणि कुणी ४५ शी तुलना करून "पाणी चांगलं" असा शेरा मारला, तर प्रत्यक्षात गाव ८८.६ चं पाणी पितंय, मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. तान्ह्या बाळाचं दूध याच पाण्यात कालवलं जातं. किटच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. नायट्रोजन असेल तर ४.४३ ने गुणा आणि अहवालात "नायट्रेट म्हणून" हे शब्द लिहाच.

ही पद्धत ० ते ७ मिलिग्रॅम नायट्रोजनपर्यंतच सरळ रेषेत चालते. २० चा नमुना पाचपट पातळ करूनच वाचायचा. न करता वाचला तर रेष वाकलेली असते आणि आकडा कमी येतो. म्हणजे सगळ्यात वाईट विहीर त्यातल्या त्यात बरी दिसते.

फ्लोराइड: इलेक्ट्रोड

पद्धत निवडायची मुभा असेल तर इलेक्ट्रोडच निवडावा. टोकाला लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक असतो, तो पाण्यातलं मोकळं फ्लोराइड ओळखतो. "मोकळं" हा शब्द महत्त्वाचा. पाणी आम्ल असेल तर फ्लोराइड हायड्रोजनशी जोडलं जातं आणि इलेक्ट्रोडला दिसत नाही. अल्कली असेल तर हायड्रॉक्साइड स्वतःच फ्लोराइडसारखं भासतं. ॲल्युमिनियम आणि लोह फ्लोराइडला धरून ठेवतात. या सगळ्यावर एकच उपाय, टायसॅब नावाचं बफर. ५०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात ५७ मिलिलिटर ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, ५८ ग्रॅम सोडियम क्लोराइड आणि ४ ग्रॅम सीडीटीए (धातूंना धरून ठेवणारं रसायन) टाका. भांडं थंड पाण्यात ठेवून हळूहळू सहा नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड सोडा, साधारण १२५ मिलिलिटर, पीएच ५.३ ते ५.५ येईपर्यंत. मग एक लिटर करा. मीठ प्रयोगशाळेचंच घ्या, स्वयंपाकाचं आयोडीनवालं नको.

टायसॅबची ताकद ठरावीक असते. सल्फ्युरिक ॲसिड टाकलेली नायट्रेटची बाटली फ्लोराइडला वापरली तर पीएच ५.३ च्या खाली घसरू शकतो, आणि जास्त घसरला तर फ्लोराइड कमी दिसतं.

प्रमाण द्रावणाला ०.२२१० ग्रॅम कोरडं सोडियम फ्लोराइड एका लिटरमध्ये, म्हणजे १०० मिलिग्रॅम. ते प्लॅस्टिकच्या बाटलीतच ठेवा. त्यातून १ आणि १० मिलिग्रॅमची दोन द्रावणं बनवा. प्रत्येक वेळी २५ मिलिलिटर द्रावण आणि २५ मिलिलिटर टायसॅब, प्लॅस्टिकच्या पेल्यात, चुंबकी ढवळणीवर. ढवळणी आणि पेला यांच्यामध्ये थर्माकोलचा तुकडा ठेवा, कारण ढवळणीची मोटर पेला तापवते. इलेक्ट्रोड बुडवल्यावर स्फटिकाखाली हवेचा बुडबुडा अडकला नाही ना बघा. अडकला असेल तर आकडा भरकटत राहतो. तीन मिनिटांनी वाचा. आधी पातळ द्रावण, मग तीव्र. दोन वाचनांच्या मध्ये धुऊन टिश्यूने टिपा, घासू नका.

समजा १ मिलिग्रॅमला ९८ मिलिव्होल्ट आले आणि १० ला ४०. फरक ५८. २५ अंशांच्या आसपास हा उतार ५४ ते ६० च्या दरम्यान असेल तर इलेक्ट्रोड ठीक आहे. नमुन्याला ८० आले तर ९८ वजा ८० म्हणजे १८, त्याला ५८ ने भागून ०.३१०, त्याचा अँटिलॉग २.०४. म्हणजे लिटरला सुमारे २.०४ मिलिग्रॅम. या हिशेबातून एक गोष्ट लक्षात येते: एक मिलिव्होल्ट इकडेतिकडे झाला की आकडा ४ टक्क्यांनी हलतो. आणि उतार तापमानावर अवलंबून असतो. सिद्धांताने २५ अंशांवर ५९.२, ४० अंशांवर ६२.१. सकाळी पंख्याखाली प्रमाण द्रावणं वाचली आणि दुपारी वीज गेलेल्या खोलीत नमुने वाचले, तर ते दोन वेगळ्या इलेक्ट्रोडांनी वाचल्यासारखं होतं. नमुने, प्रमाण द्रावणं आणि बफर एकाच टेबलावर तासभर ठेवून सारखे होऊ द्या. वीज जाऊन आली की १ मिलिग्रॅमचं द्रावण पुन्हा वाचा.

रंगाची पद्धत आणि गावातलं किट

स्पॅडन्समध्ये झिर्कोनियमचा लाल रंग असतो. फ्लोराइड झिर्कोनियम ओढून घेतं आणि रंग फिका होतो. जितका फिका तितकं फ्लोराइड जास्त. ५० मिलिलिटर नमुन्यात १० मिलिलिटर मिश्र द्रावण, वाचन ५७० नॅनोमीटरला. प्रमाण ० ते १.४ पर्यंतच चालतं, त्यावरचं पातळ करा. द्रावण पिपेटनेच मोजा. रंग द्रावणात आहे, ते थोडं कमी पडलं तरी फ्लोराइड वाढलेलं दिसतं.

आता टीसीएल. विहिरीत ब्लीचिंग टाकलेलं असेल तर उरलेलं क्लोरीन रंगच विरंजित करतं. रंग फिका, म्हणजे फ्लोराइड जास्त. पावसाळ्यात गावोगावी टीसीएल टाकतात, त्या आठवड्यात घेतलेले नमुने खोटेच जास्त दिसू शकतात. किटमध्ये क्लोरीनची चाचणी असतेच, ती आधी करा. क्लोरीन निघालं तर ते घालवायला प्रयोगशाळेत सोडियम आर्सेनाइट वापरतात. ते जहाल विष आहे, गावात हाताळू नका. थोडे दिवस थांबून नमुना पुन्हा घ्या.

तुरटीची अडचण याच्या उलट. फ्लोराइड काढण्यासाठी नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नळगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना वापरतात. तुरटी म्हणजे ॲल्युमिनियम. प्रक्रियेनंतर पाण्यात ते थोडं उरतं, आणि स्पॅडन्समध्ये ०.१ मिलिग्रॅम ॲल्युमिनियमही लगेच वाचल्यास फ्लोराइडला ०.१ ने कमी दाखवू शकतं. म्हणजे ज्या पाण्यात प्रक्रियेनंतर खरंच किती उरलं हे बघायचंय, नेमकं त्याच पाण्याबद्दल पद्धत गोड बातमी देते. द्रावण टाकल्यावर दोन तास थांबून वाचलं तर ही अडचण बरीच कमी होते. सगळ्यात चांगलं म्हणजे असं पाणी टायसॅब घालून इलेक्ट्रोडवरच वाचावं.

रंगाच्या तक्त्याशी ताडून बघायच्या किटला मर्यादा आहेत, पण ते निरुपयोगी नाही. तक्ता उन्हात ठेवला तर रंग उडतो, मग प्रत्येक नमुना वेगळाच लागतो. पिवळ्या बल्बखाली गुलाबी आणि नारिंगी यांतला फरक कळत नाही. दिवसाच्या उजेडात, सावलीत, पांढऱ्या कागदावर धरून बघा. औषधाची मुदत बघा. किट सांगतं १.० आणि १.५ च्या मध्ये. त्याचं १.२७ करून रजिस्टरमध्ये लिहू नका. "१.० ते १.५ दरम्यान" हाच प्रामाणिक आकडा.

टीडीएस मीटर फ्लोराइडबद्दल काहीही सांगत नाही. तो विजेचं वहन मोजतो आणि ०.५ ते ०.७ च्या एखाद्या ठरावीक संख्येने गुणून दाखवतो. फ्लोराइड २ मिलिग्रॅम असो की शून्य, ३०० च्या आकड्यात ते दिसणारच नाही. आरओ विकायला येणारे पाण्यात दोन कांड्या बुडवून वीज सोडतात आणि पाणी तपकिरी करून दाखवतात, तो गाळ पाण्यातला नसतो. कांडीचं लोखंड विरघळून वर आलेलं असतं. गावातल्या माणसाला हे नीट समजावून सांगितलं पाहिजे, कारण त्या तपकिरी पाण्याच्या भीतीने घरं हप्त्यावर यंत्र घेतात.

आकड्यावर विश्वास कधी ठेवायचा

प्रत्येक खेपेला एक ब्लँक, म्हणजे डिस्टिल्ड पाणी त्याच बाटल्यांत, त्याच डब्यात गावाला जाऊन परत आलेलं. बॅटरीचं पाणी म्हणून जे मिळतं ते दर वेळी डिस्टिल्ड असतंच असं नाही. नवी कॅन उघडली की आधी तीच मोजा. दर दहा नमुन्यांना एक जोडनमुना, एकाच विहिरीचा, वेगळ्या नावाने, मोजणाऱ्याला न सांगता.

आणि एक स्पाइक, म्हणजे नमुन्यात मुद्दाम टाकलेलं ठरावीक फ्लोराइड. ५० मिलिलिटर नमुन्यात १०० मिलिग्रॅमच्या द्रावणाचे ०.५ मिलिलिटर टाकले की फ्लोराइड जवळजवळ १ ने वाढायला हवं. ०.९ ते १.१ वाढलं तर पद्धत त्या पाण्यात नीट चालते. ०.६ च वाढलं तर त्या पाण्यात काहीतरी फ्लोराइडला धरून बसलंय, आणि मूळ आकडाही तितकाच कमी आलाय. शुद्ध पाण्यातल्या प्रमाण द्रावणावरून हे कधीच कळत नाही, म्हणून स्पाइक टाळू नका.

पूर्ण विश्लेषण केलं असेल तर आयनांचा ताळेबंद घाला: धन भारांची बेरीज ऋण भारांच्या बेरजेइतकी यायला हवी. उदाहरण म्हणून: सोडियम २३० मिलिग्रॅम म्हणजे १० मिलिइक्विव्हॅलंट (भार मोजायचं एकक), कॅल्शियम २० म्हणजे १, मॅग्नेशियम १२ म्हणजे १, बेरीज १२. समोर बायकार्बोनेट ४८८ म्हणजे ८, क्लोराइड ७१ म्हणजे २, सल्फेट ४८ म्हणजे १, नायट्रेट ६२ म्हणजे १, बेरीज १२. जुळलं. अशा पाण्याची कंडक्टिव्हिटी १२ च्या साधारण शंभरपट, १२०० मायक्रोसीमेन्सच्या आसपास यायला हवी. नायट्रेट नायट्रोजनच्या एककात लिहिलं गेलं असेल तर ते १४ दिसेल आणि ताळेबंदात पाऊण एकक कमी पडेल, चूक तिथेच पकडता येते. फ्लोराइडची चूक मात्र या हिशेबात सापडत नाही. १.९ मिलिग्रॅम फ्लोराइड म्हणजे फक्त ०.१ एकक, ते बेरजेत हरवून जातं. त्याला स्पाइकच लागतो.

पद्धतीला जे दिसत नाही त्याला शून्य लिहू नका. शोधमर्यादा ०.१ असेल तर "०.१ पेक्षा कमी". आणि १.४ व १.६ हे दोन आकडे वेगळे आहेत असं मानण्याआधी मोजमापाची अनिश्चितता बघा. १० टक्के धरली तर १.५ च्या दोन्ही बाजूंना ०.१५ चा पट्टा सुटतो. या पट्ट्यातल्या बोअरला एका नमुन्यावर हिरवा किंवा लाल रंग फासू नये. मे महिन्यात एक आणि पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात एक, असे दोन नमुने तरी हवेत. फ्लोराइडसाठी विहिरीवरच दोन बाटल्या भरून घ्या. पहिलीचा आकडा १.३ ते १.७ दरम्यान आला तर दुसरी २८ दिवसांच्या आत वेगळ्या पद्धतीने, शक्यतो इलेक्ट्रोडवर, पुन्हा वाचता येते. ॲसिड न टाकलेल्या नायट्रेटला ही सोय नाही. तिथे शंका आली की जुनी बाटली फेकून द्या आणि बर्फ घेऊन पुन्हा विहिरीवर जा.